बोकडाची ग्रंथी, रेडिओचा टॉवर आणि ‘डीएम करा’ : शंभर वर्षांपूर्वीचा व्हायरल डॉक्टर

इन्स्टाग्रामवर पाच मिनिटं अंगठा फिरवला तरी एखादा ‘डॉक्टर’ भेटतोच. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे पुस्तकांचं कपाट, आणि पहिल्या तीन सेकंदांत असं एखादं वाक्य की अंगठा थांबलाच पाहिजे. शुगर मुळापासून जाते, पण तुमचे डॉक्टर तुम्हाला हे सांगत नाहीत. शेवटी ‘कमेंटमध्ये यस लिहा’ किंवा ‘डीएम करा’. आता त्यात एआयची भर पडलीय. नामांकित डॉक्टरांचा चेहरा आणि आवाज उचलून, त्यांनी आयुष्यात कधी न सुचवलेली पावडर विकणारे डीपफेक व्हिडिओ सर्रास फिरतायत.

यावर बोलणं निघालं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : सोशल मीडियाने वाट लावली. मला ते पटत नाही. कारण यातला जवळपास प्रत्येक भाग (फुकटचा मनोरंजक कंटेंट, ‘तुमचा प्रश्न पाठवा’, न बघता दिलेलं औषध, प्रत्येक विक्रीमागे कमिशन, ‘माझ्याविरुद्ध कट चाललाय’ हे रडगाणं, आणि एका ठिकाणी बंदी आली की दुसऱ्या देशातून पुन्हा सुरू) हे सगळं १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका माणसाने उभं केलं होतं. त्याच्याकडे स्मार्टफोन नव्हता, रेडिओ होता. नाव जॉन आर. ब्रिंकली. धंदा काय, तर पुरुषांच्या अंडकोशात बोकडाच्या वृषणाचा तुकडा बसवून त्यांची मर्दानगी परत आणून देणे.

हो, बरोबर वाचलंत.

आधी रंगीत पाणी, मग बोकड

ब्रिंकलीचा जन्म १८८५ चा, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागातला. घरची गरिबी. तरुणपणी तो तारयंत्रावर काम करायचा. शिकागोच्या एका वैद्यकीय कॉलेजात त्याने प्रवेश घेतला, पण शिक्षण पूर्ण केलं नाही. १९१३ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल गावात एका भागीदारासोबत त्याने दुकान थाटलं. तिथे पुरुषांना ‘ताकदी’साठी एक इंजेक्शन मिळायचं, किंमत २५ डॉलर. इंजेक्शनमध्ये काय होतं? रंगीत पाणी. थोड्याच दिवसांत दोघं गावातल्या व्यापाऱ्यांची उधारी बुडवून पसार झाले. पुढे १९१५ मध्ये त्याने कॅन्सस सिटीतल्या एका संस्थेतून डिग्री मिळवली. पैसे मोजले की प्रमाणपत्र हातात ठेवणारी ती संस्था. पण त्या कागदावर त्याला काही राज्यांत रीतसर प्रॅक्टिस करण्याचं लायसन्स मिळालं.

हा मुद्दा लक्षात ठेवा. कागदोपत्री तो ‘बोगस’ नव्हता. त्याच्या भिंतीवर फ्रेम केलेलं लायसन्स होतं, आणि ते खरं होतं.

१९१७ मध्ये तो कॅन्ससमधल्या मिलफर्ड नावाच्या अगदी छोट्या गावात आला. पुढच्या वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा त्याने घरोघरी जाऊन रुग्ण पाहिले, आणि गावात त्याचं नाव चांगलं झालं. मग बोकड आला. गोष्ट अशी सांगतात की एक शेतकरी आपली खासगी तक्रार घेऊन आला, बोलता बोलता बोकडांच्या जोमाची थट्टा झाली, आणि शेतकरीच म्हणाला की मग बसवा की मला त्यातलंच काहीतरी. ही गोष्ट ब्रिंकली स्वतः रंगवून सांगायचा, त्यामुळे तिचा किती भाग जाहिरातीचा हे तुम्हीच ठरवा. काही काळाने त्या शेतकऱ्याच्या घरी मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं बिली, आणि इंग्रजीत बोकडालाही ‘बिली’च म्हणतात. यापेक्षा चांगला थंबनेल कुठे मिळणार?

ऑपरेशनची फी ७५० डॉलर. त्या दशकाच्या मध्यावर फोर्डची कोरी मॉडेल टी गाडी तीनशे डॉलरच्या आत येत होती. म्हणजे एका ऑपरेशनमध्ये दोन गाड्या आल्या असत्या आणि वर पैसे उरले असते. दवाखान्याच्या आवारात बोकडांचा गोठा होता आणि रुग्णाला आपला बोकड निवडता यायचा.

यातून काही फायदा होणं शक्य होतं का? नाही. दुसऱ्या प्राण्याच्या ऊतीचा तुकडा आपल्या शरीरात नुसता ठेवून टाका शिवून घेतला की त्याला रक्तपुरवठा मिळत नाही. रोगप्रतिकारशक्ती त्याला परका म्हणून ओळखते. नशीब चांगलं असेल तर शरीर तो तुकडा हळूहळू विरघळवून टाकतं. नशीब वाईट असेल तर जंतुसंसर्ग होतो, आणि पेनिसिलिन हाताशी यायच्या आधीच्या काळात संसर्ग म्हणजे मरण असू शकायचं. कॅन्ससच्या वैद्यकीय मंडळासमोर त्याचं प्रकरण आलं तेव्हा त्याच्या सहीचे ४२ मृत्यूचे दाखले पुढे आले. त्यातले अनेक जण दवाखान्यात आले तेव्हा आजारीसुद्धा नव्हते.

मग शिकलेसवरलेले लोकही का फसले? कारण त्या काळात ग्रंथी आणि हार्मोन हा विज्ञानातला सगळ्यात गरम विषय होता. पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ नावाचा नावाजलेला सर्जन माकडाच्या वृषणाचे तुकडे माणसांना लावत होता आणि वर्तमानपत्रं ते रकाने भरभरून छापत होती. टेस्टोस्टेरॉन वेगळं काढायला १९३५ साल उजाडलं. म्हणजे ‘ग्रंथींमध्ये काहीतरी शक्ती आहे’ हे अर्धं खरं होतं, आणि ब्रिंकलीने त्या अर्ध्यावर पूर्ण इमारत बांधली. आज ‘स्टेम सेल’, ‘डिटॉक्स’, ‘गट हेल्थ’ हे शब्द असेच वापरले जातात. विज्ञान जिथपर्यंत खरोखर पोचलंय, त्याच्या जरा पुढे जाऊन दुकान मांडायचं. थोडंफार वाचणारा माणूस इथे जास्त फसतो, कारण त्याने तो शब्द कुठेतरी ऐकलेला असतो.

एका माणसाचं चॅनल

१९२२ मध्ये ब्रिंकली लॉस एंजेलिसला गेला. बोलावणारा होता हॅरी चँडलर, लॉस एंजेलिस टाइम्सचा मालक. चँडलर तेव्हा स्वतःचं रेडिओ स्टेशन उभारत होता. ब्रिंकलीने ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात जे पडलं ते त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांच्या स्वप्नातही आलं नसतं : पेपरात जाहिरात छापायला संपादकाची परवानगी लागते, पण स्वतःचा टॉवर असेल तर कोणाचीच लागत नाही.

१९२३ मध्ये मिलफर्डमधून केएफकेबी सुरू झालं. (त्याच वर्षी आपल्याकडे मुंबईत रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेची हौशी प्रसारणं सुरू झाली होती. पण भारतात पुढे रेडिओ सरकारकडे गेला आणि विविध भारतीवर जाहिराती यायला १९६७ साल उजाडलं. त्यामुळे आपल्या ‘गुप्तरोग’वाल्यांना भिंती रंगवाव्या लागल्या. लोकलने कल्याण-कर्जत केलेल्या कोणालाही त्या भिंती पाठ असतील.)

केएफकेबीवर दिवसभर नुसती जाहिरात चालायची असं समजू नका. तसं असतं तर कोणी ऐकलंच नसतं. लोकसंगीत असायचं, फिडलवादक असायचे, हवामान असायचं, शेतमालाचे भाव असायचे, धर्मावरची प्रवचनं असायची. शेजारचं घर मैलभर लांब असलेल्या शेतकरी कुटुंबांसाठी ते संध्याकाळचं सोबती होतं. आणि मधूनमधून खुद्द डॉक्टर बोलायचे. सभेत बोलावं तसं नाही, ओसरीवर बसून बोलावं तसं. तुम्हाला थकवा येतो का? बायकोशी चिडचिड होते का? लाजू नका, दोष तुमचा नाही. १९२९ मध्ये रेडिओ डायजेस्ट या मासिकाच्या वाचकांनी केएफकेबीला अमेरिकेतलं सगळ्यात लोकप्रिय स्टेशन म्हणून निवडलं. न्यूयॉर्क नाही, शिकागो नाही, मिलफर्ड!

आजच्या भाषेत सांगायचं तर त्याने आधी फॉलोअर जमवले, विक्री नंतर केली. लोक ज्याच्या आवाजासोबत जेवतात त्याला परके मानत नाहीत. संशोधक याला पॅरासोशल नातं म्हणतात, म्हणजे एकतर्फी ओळख. आपण त्याला ‘ओळखतो’, त्याच्या लेखी आपण एक आकडा असतो. आवडत्या यूट्यूबरला आपण ‘दादा’ म्हणतो ना, तेच.

त्यातला सगळ्यात चलाख भाग १९२८ मध्ये आला. कार्यक्रमाचं नाव ‘मेडिकल क्वेश्चन बॉक्स’. श्रोते आपल्या तक्रारी पत्राने कळवायचे. ब्रिंकली ती पत्रं हवेवर वाचायचा, तिथल्या तिथे निदान करायचा आणि औषध सांगायचा. औषधाचं नाव मात्र सांगायचा नाही, नंबर सांगायचा. अमुक गावच्या बाईंनी अमुक नंबर घ्यावा. नंबरचं औषध मिळणार कुठे? ज्यांनी ब्रिंकलीच्या संघटनेत नाव नोंदवलंय त्या केमिस्टकडे. अशी शेकडो दुकानं होती. दर बाटलीमागे दुकानदार ब्रिंकलीला एक डॉलर पाठवायचा.

हे वाचून मी जरा वेळ थांबलो होतो. नंबर म्हणजे कूपन कोड. संघटना म्हणजे अ‍ॅफिलिएट नेटवर्क. एक डॉलर म्हणजे कमिशन. वेबसाइट, क्यूआर कोड, यूपीआय यातलं काहीही नसताना कोणत्या प्रसारणातून किती विक्री झाली हे मोजायची पद्धत त्याने बसवली होती. शिवाय दोन मुलांच्या आईचं पत्र हवेवर वाचलं की तीच लक्षणं असलेल्या हजारो घरांतल्या बायकांना वाटायचं की हे माझ्यासाठीच आहे. पत्र एकीचं, बाटल्या हजार.

धोका कुठे आहे हे सांगायला माझ्या घरचंच उदाहरण पुरेल. माझ्या आत्याने गेल्या वर्षी एक रील बघून मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आणि कुठल्याशा पानांचा काढा सुरू केला. विकणारा कोण हे महत्त्वाचं नाही. काढा बहुधा निरुपद्रवी होता. पण दोन महिन्यांनी पायाची जखम भरेना म्हणून तपासलं तर साखर उपाशीपोटी तीनशेच्या वर. आत्याला त्या काढ्याने काही केलं नाही. न घेतलेल्या गोळ्यांनी केलं. ब्रिंकलीच्या नंबरवाल्या बाटल्यांचंही तेच होतं : पोटात दुखणाऱ्या माणसाला ऑपरेशनची गरज आहे की सोड्याची, हे पत्रावरून कळत नाही, आणि बाटलीची वाट बघण्यात जे दिवस जातात ते परत येत नाहीत.

“मला तर फरक पडला”

कमेंटमध्ये हे वाक्य दिसलं की बहुतेकांचा संशय गळून पडतो. ब्रिंकलीकडे अशा पत्रांचे ढीग होते आणि त्यातली बरीचशी खरी असणार. ७५० डॉलर मोजलेत, प्रवास केलाय, ऑपरेशन झालंय. एवढं झाल्यावर माणसाला बरं वाटतंच. लैंगिक तक्रारींमध्ये तर मनाचा भाग मोठा असतो, त्यामुळे तिथे प्लासिबो जोरात चालतो.

पण माझ्या मते खरी मेख लाजेत आहे. बोकडाचं वृषण बसवून घेतलं आणि उपयोग झाला नाही, हे चारचौघांत कोण सांगणार? ज्यांना फायदा झाल्यासारखं वाटलं ते रेडिओवर आले, ज्यांना झाला नाही ते गप्प बसले, आणि जे मेले त्यांचं पत्र येण्याचा प्रश्नच नव्हता. आजही भोंदूगिरी सगळ्यात जास्त कुठे चालते बघा : लैंगिक ताकद, केस गळणं, उंची, वजन, मूल न होणं. जिथे ग्राहक तक्रार करायला लाजतो, ते मार्केट सगळ्यात सुरक्षित. खाली आलेल्या तीन हजार ‘थँक्यू सर’ कमेंटमधून एवढंच कळतं की ज्यांना कमेंट करावीशी वाटली ते कोण. बाकीचे किती, ते कळत नाही. आणि ब्लॉक केलेले तर दिसतच नाहीत.

बंदी आली, मग निवडणूक

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाचे संपादक मॉरिस फिशबाइन कित्येक वर्षं ब्रिंकलीच्या मागे होते. ते लिहीत राहिले आणि त्याचा श्रोत्यांवर काडीचाही परिणाम झाला नाही. उलट ब्रिंकली रेडिओवरून सांगायचा की बघा, बड्या डॉक्टरांची टोळी गरिबांच्या डॉक्टरला संपवायला निघालीय. १९३० मध्ये कॅन्सस सिटी स्टार या वृत्तपत्राने त्याच्यावर मालिका चालवली. त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या : राज्याच्या वैद्यकीय मंडळाने त्याचं लायसन्स काढून घेतलं, आणि फेडरल रेडिओ कमिशनने केएफकेबीच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं.

रेडिओच्या बाजूचा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवतात. ब्रिंकलीचा दावा होता की ही सेन्सॉरशिप आहे. १९३१ मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं : लहरी मोजक्याच आहेत, त्या लोकांच्या हितासाठी द्यायच्या आहेत, स्टेशनने आजवर काय केलं हे बघून पुढचा परवाना द्यायचा की नाही ठरवणं म्हणजे तोंड दाबणं नव्हे, आणि हे स्टेशन एका माणसाच्या खासगी धंद्यासाठी चाललंय, रुग्णाला न बघता औषध देतंय. अकाउंट बॅन करणं म्हणजे अभिव्यक्तीवर घाला का, हा वाद आपण आज प्लॅटफॉर्मबद्दल घालतो. तो वाद या बोकडापासून सुरू आहे.

पण गंमत पुढे आहे. लायसन्स गेल्यानंतर काही दिवसांतच ब्रिंकलीने गव्हर्नरपदाची निवडणूक लढवायची जाहीर केली. मतपत्रिका छापायची मुदत गेली होती, त्यामुळे मतदाराने त्याचं नाव हाताने लिहायचं. स्टेशनवरचं प्रसारण अजून सुरू होतं, स्वतःचं विमान होतं. आश्वासनं होती फुकट पाठ्यपुस्तकं, कमी कर आणि प्रत्येक काउंटीत एक तलाव. मतदानाच्या तोंडावर नियम आला की ‘जे. आर. ब्रिंकली’ असंच तंतोतंत लिहिलेलं मत धरलं जाईल. ‘डॉक ब्रिंकली’ वगैरे बाद. तरी त्याला १,८३,२७८ मतं पडली. जिंकलेल्या हॅरी वुडरिंगला २,१७,१७१ आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला २,१६,९२०. हजारो मतं स्पेलिंगवर बाद झाली होती. १९३२ मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि २,४४,६०७ मतं घेऊन पुन्हा पडला. लायसन्स गेलेला डॉक्टर, ज्याच्या दाखल्यांचा हिशेब सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलाय, त्याला दोन वर्षांनी मतं जास्त मिळाली! फॅक्ट-चेक केला की लोक आपोआप शहाणे होतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आकडे एकदा बघावेत.

नदीपलीकडचा सर्व्हर

आता माझ्या आवडीचा, तांत्रिक भाग.

१९३१ मध्ये ब्रिंकलीने टेक्सासमधल्या डेल रिओ गावाच्या समोर, रिओ ग्रांदे नदीच्या पलीकडे, मेक्सिकोतल्या व्हिला आकुन्या इथे टॉवर उभा केला. स्टेशनचं नाव एक्सईआर, पुढे एक्सईआरए. मेक्सिकोने परवानगी का दिली? कारण अमेरिका आणि कॅनडाने चांगल्या लहरी आपापसात वाटून घेतल्या होत्या आणि मेक्सिकोला विचारलंही नव्हतं. तो राग होता.

अमेरिकेत स्टेशनला साधारणपणे जास्तीत जास्त ५० किलोवॅटची परवानगी असायची. खुद्द केएफकेबी ५ किलोवॅटचं होतं. मेक्सिकोतून ब्रिंकली पुढे ५०० किलोवॅटपर्यंत गेला. अंदाज यावा म्हणून सांगतो : आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी १९८८ मध्ये नागपूरला जो ट्रान्समीटर सुरू झाला तो हजार किलोवॅटचा होता, आणि त्यावर देशभर रात्रीचं प्रसारण चालायचं. त्याच्या निम्मी ताकद इथे एका खासगी डॉक्टरच्या हातात होती, तीही पन्नास वर्षं आधी.

रात्रीचं म्हणालो त्याला कारण आहे. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत पसरतात आणि वर गेलेला भाग आयनोस्फिअरचा खालचा थर, ज्याला डी थर म्हणतात, शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर जवळजवळ नाहीसा होतो. मग लहरी आणखी वरच्या थरांवर आपटून शेकडो, कधी हजारो किलोमीटर लांब जमिनीवर परत येतात. ५०० किलोवॅट, उत्तरेकडे रोखलेला अँटेना आणि रात्र, हे तीन जमले की कॅन्सस काय, कॅनडापर्यंत आवाज जायचा. मधली स्टेशनं त्याखाली दबून जायची.

सुरुवातीला ब्रिंकली स्वतः अमेरिकेत बसून टेलिफोनच्या तारेने बोलायचा आणि आवाज मेक्सिकोच्या टॉवरवरून परत अमेरिकेत जायचा. ही पळवाट बुजवायला १९३४ च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टमध्ये कलम आलं : अमेरिकेतल्या स्टुडिओतून परदेशी स्टेशनला असा पुरवठा करायचा तर परवानगी हवी. याला लोक ‘ब्रिंकली अ‍ॅक्ट’च म्हणतात. यावर तोड काय? कार्यक्रम तबकड्यांवर रेकॉर्ड करायचे आणि गाडीतून नदीपलीकडे न्यायचे. लाइव्ह बंद झालं तर अपलोड सुरू.

या स्टेशनवर कार्टर फॅमिलीसारखे लोकगायक गात असत आणि अमेरिकेचं कंट्री संगीत घराघरात पोचवण्यात त्याचा मोठा वाटा मानतात. भोंदू माणसाच्या हातून चांगली कामंही होतात. मिलफर्डलाही त्याने फुटपाथ, वीज, सांडपाण्याची सोय असं बरंच काही दिलं होतं. म्हणूनच त्याच्याविरुद्ध गावात कोणी बोलत नसे.

डेल रिओत त्याचा थाट कळसाला गेला. कारंज्यांचं हवेलीवजा घर, बोटांत हिरे, स्वतःच्या नावाच्या यॉट, आणि हनुवटीवर ती टोकदार, नेमकी बोकडाची आठवण करून देणारी दाढी. बोकड मात्र मागे पडला होता. आता प्रोस्टेटचे उपचार आणि घरी घ्यायची इंजेक्शनं विकली जात होती. इंजेक्शनमधल्या द्रवाची तपासणी झाली तेव्हा त्यात निळसर रंगाचं पाणी आणि नाममात्र आम्ल निघालं. ग्रीनव्हिलला २५ डॉलरला विकलेलं रंगीत पाणी वीस वर्षांनी असं परत आलं.

शेवटी तो कशाने पडला

१९३८ मध्ये फिशबाइन यांनी एका लेखात त्याला सरळ भोंदू म्हटलं. ब्रिंकलीने अब्रुनुकसानीचा अडीच लाख डॉलरचा दावा ठोकला. खटला १९३९ मध्ये डेल रिओतच, त्याच्या स्वतःच्या गावात चालला. इथे माइक त्याच्या हातात नव्हता. उलटतपासणीत डिग्री, उत्पन्न, ऑपरेशनमागचं विज्ञान, सगळं विचारलं गेलं आणि उत्तरं शपथेवर द्यावी लागली. ज्युरीने फिशबाइन यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलातही तोच टिकला. म्हणजे त्याला भोंदू म्हणणं आता कायद्याने खोटं नव्हतं.

मग जुने रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक दावे घेऊन पुढे आले. लाजेचं कुलूप उघडलं होतं. करखात्याने थकबाकी मागितली. १९४१ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी शेजारी देशांमधला लहरींचा करार अमलात आला आणि मेक्सिकोने एक्सईआरए बंद केलं. टपालातून फसवणूक केल्याचा खटला उभा राहायच्या आतच, मे १९४२ मध्ये, ५६ व्या वर्षी तो वारला.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. लेखांनी तो थांबला नाही. लायसन्स गेल्याने थांबला नाही, एका देशातलं स्टेशन गेल्यानेही नाही. शपथेवरची उलटतपासणी, पैशाची वाट आणि दोन देशांमधला करार, हे एकत्र आले तेव्हा थांबला. तोवर मिलफर्डला आल्यापासून बावीसपेक्षा जास्त वर्षं गेली होती.

आता आपल्याकडे या. भारतात यासाठी कायदा आहे आणि तो १९५४ चा आहे : औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. लैंगिक सुखाची क्षमता वाढवणाऱ्या औषधाची जाहिरात त्यात थेट बंद आहे, मधुमेहासारख्या अनेक आजारांवरच्या इलाजांचीही. जाहिरातीची व्याख्या तर इतकी रुंद आहे की प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही तिच्यात बसते. रील म्हणजे प्रकाश आणि ध्वनीच. म्हणजे कायद्यात रील आधीपासूनच आहे! पण पहिल्या गुन्ह्याला शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. २०२० मध्ये ती दोन वर्षं आणि दहा लाखांपर्यंत नेण्याचा मसुदा आला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले : पात्रता असेल तर ती सांगा, नसेल तर हा वैद्यकीय सल्ला नाही हे सांगा. २०२४ मध्ये पतंजलीच्या जाहिरातींचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गाजलं, वर्तमानपत्रांत माफीनामे छापून आले, आणि कोर्टाने जाहिरात देणाऱ्यांकडून स्वयंघोषणापत्र घ्यायला सांगितलं. स्वयंघोषणापत्र ब्रिंकलीनेही हसत हसत भरून दिलं असतं, असं मला वाटतं.

नोंदणी क्रमांक बघावा हे खरंच. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर, वेबसाइटवर आणि व्हॉट्सअ‍ॅपसारख्या संवादातही दाखवायला हवा. तो मागा, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत तपासा. पण ब्रिंकलीकडेही लायसन्स होतं हे विसरू नका. म्हणून माझा दुसरा प्रश्न नेहमी पैशाचा असतो : हा सल्ला देणाराच ती बाटली विकतोय का, किंवा त्याच्या कोडवर डिस्काउंट मिळतोय का? तिसरा प्रश्न : मला न बघता, रिपोर्ट न मागता सगळ्यांना तेच औषध सांगतोय का?

एका बाबतीत मात्र आपली स्थिती १९३० पेक्षा वाईट आहे. ब्रिंकली जे बोलायचा ते सगळ्यांना सारखंच ऐकू यायचं. शेतकऱ्याला, पत्रकाराला, सरकारी अधिकाऱ्यालाही. आज ती जाहिरात फक्त तुमच्या आईला दिसते, कारण तिने काल गुडघेदुखी सर्च केलं होतं. तुम्हाला नाही, मला नाही, तपास अधिकाऱ्याला तर नाहीच. चोवीस तासांत स्टोरी उडते, आठवड्यात पेज नाव बदलतं, आणि ‘बाकी माहिती टेलिग्रामवर’ म्हणत सगळा कारभार नदीपलीकडे जातो. त्यामुळे घरात कोणाच्या फोनवर असं काही दिसलं तर रिपोर्टचं बटण दाबण्याआधी स्क्रीन रेकॉर्ड करा. पेजचं नाव, तारीख, पैसे कुठल्या यूपीआय आयडीवर मागितले तो, हे तिन्ही त्यात येऊ द्या. मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत पेजचं नाव टाकलं तर त्याच्या सध्या चालू असलेल्या जाहिराती दिसतात, त्याही टिपून ठेवा. मग ते घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, जाहिरातींची स्वनियामक संस्था एएससीआय हिच्या पोर्टलवर, किंवा औषधाचा दावा असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जा. रेकॉर्डिंग एवढ्यासाठी, की तुम्ही तिथे पोचाल तोवर मूळ व्हिडिओ बहुतेक उडालेला असेल.